इटलीचं न भरलेलं विधिमंडळ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभा जन्म इतिहास शिकवण्यात घालवला. म्हणून विषय निवडताना मी इतिहासातलाच घेतला. फक्त तो घडून गेलेला नाही, घडायचा राहून गेलेला आहे.

इटलीचं एकीकरण आपल्याला परकं नाही. सावरकरांनी लंडनमध्ये मॅझिनीच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर केलं, ते १९०७ साली इकडे छापलं गेलं आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. लाला लजपतरायांनी त्याच्याही आधी उर्दूत मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांची चरित्रं लिहिली होती. त्यामुळे आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनातली इटली ही मॅझिनीची इटली: एक जनता, एक देश, एक राजधानी रोम. तिच्यात काव्हूरचे डावपेच आणि गॅरिबाल्डीचे लाल डगलेवाले मिसळले की शाळेतला धडा पुरा होतो. या धड्यात एक पक्ष बसत नाही. इटलीतली राज्यं तशीच ठेवावीत, त्यांचा एक संघ करावा आणि त्या संघाला एक समाईक विधिमंडळ असावं, असं म्हणणारी माणसं त्या काळात मूठभर नव्हती. १८४३ ते १८४८ या पाच वर्षांत तर बहुतेक शहाणीसुरती मंडळी हेच बोलत होती. मॅझिनी तेव्हा माथेफिरू समजला जाई.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. उत्तर-पश्चिमेला पिडमाँट, राजधानी तुरीन; सार्डिनिया बेट त्याच राज्यात. पूर्वेला लोम्बार्डी आणि व्हेनिस, दोन्ही ऑस्ट्रियाच्या ताब्यात. मध्ये पार्मा आणि मोडेना या दोन चिमुकल्या संस्थानवजा डचीज. खाली टस्कनी, मग पोपचं राज्य, आणि त्याखाली नेपल्स व सिसिली मिळून झालेलं ‘दोन सिसिलींचं राज्य’. मिलानच्या व्यापाऱ्याला कापडाचा गठ्ठा फ्लॉरेन्सला पाठवायचा तर तो लोम्बार्डीतून निघून पार्मा, मोडेना, बोलोन्याजवळ पोपची हद्द आणि शेवटी टस्कनी असा जायचा. प्रत्येक वेशीवर जकात. पैसाही बदलायचा: मिलानला ऑस्ट्रियन लिरा, तुरीनला वेगळा लिरा, रोममध्ये स्कुदो आणि बायोक्को, नेपल्सला दुकात आणि ग्रानो. संघराज्याची कल्पना कवींच्या डोक्यात आली तशीच या व्यापाऱ्यांच्या वहीतूनही आली, हे ध्यानात ठेवावं.

तिला पहिलं गाजलेलं रूप दिलं व्हिन्चेंझो जोबेर्ती या तुरीनच्या पाद्र्याने. हद्दपार होऊन ब्रसेल्सला राहत असताना १८४३ साली त्याने इटालियनांच्या नैतिक आणि नागरी श्रेष्ठत्वावर भलाथोरला ग्रंथ लिहिला. राजे आपापल्या गादीवर राहतील, त्यांचा संघ होईल आणि पोप त्याचा अध्यक्ष असेल, ही त्याची योजना. निवडून आलेल्या संसदेला तिच्यात जागाच नव्हती. ग्रंथ आज वाचवत नाही, पण त्या वेळी तो घरोघर गेला. कारण कोणाचंच काही काढून न घेता सगळ्यांना सगळं देण्याचं आश्वासन त्यात होतं. असली पुस्तकं नेहमीच खपतात. त्यात १८४६ साली नववा पायस पोप झाला, त्याने राजकीय कैद्यांना माफी दिली, आणि लोकांना वाटलं, जोबेर्तीचा पोप प्रत्यक्ष अवतरला.

या पोपने एक व्यवहारी काम मात्र केलं. जकात-संघासाठी त्याने कोर्बोली बुस्सी नावाचा आपला माणूस दरबारोदरबारी फिरवला. ३ नोव्हेंबर १८४७ रोजी तुरीनला पोपचं राज्य, टस्कनी आणि पिडमाँट यांच्यात प्राथमिक करार झाला. मोडेनाचा ड्यूक तेवढा वळला नाही. तो हाब्सबुर्ग घराण्यातला, व्हिएन्नाकडे बघून पाऊल टाकणारा. आणि मोडेना नकाशात नेमकं मध्ये! त्याच्यावाचून जकात-संघ म्हणजे मधली फळी निखळलेला पूल.

मग १८४८ उजाडलं. फेब्रुवारी-मार्चच्या दोन महिन्यांत नेपल्स, टस्कनी, पिडमाँट आणि पोप, चौघांनीही आपापल्या प्रजेला राज्यघटना दिल्या. मिलानच्या लोकांनी १८ ते २२ मार्च असे पाच दिवस रस्त्यांत अडसर रचून ऑस्ट्रियाच्या फौजेला शहराबाहेर काढलं. पिडमाँटचा राजा कार्लो आल्बेर्तो युद्धात उतरला. २९ एप्रिलला पोपने जाहीर केलं की आपण सर्व कॅथलिकांचे पिता, ऑस्ट्रियाशी लढणार नाही. जुलैअखेर कुस्तोझाला पिडमाँटचा पराभव झाला. आणि या पराभवानंतर, ऑगस्टमध्ये, पिडमाँटच्या मंत्रिमंडळाने एका तत्त्वज्ञ पाद्र्याला रोमला रवाना केलं. त्याचं नाव आंतोनियो रोझमिनी. आपल्या विधिमंडळाचा खरा आराखडा इथे सुरू होतो.

पोपची लष्करी मदत मिळवावी एवढंच तुरीनच्या मनात होतं. रोझमिनीने अट घातली की नुसत्या युद्धकराराची बोलणी मी करणार नाही. कायमचा संघ करायचा असेल तर जातो. रोममध्ये त्याने पोपच्या आणि टस्कनीच्या प्रतिनिधींबरोबर बसून मसुदा केला. रोममध्ये एक कायमची ‘दिएता’ म्हणजे संघसभा, पोपच्या अध्यक्षतेखाली. युद्ध आणि तह तिने ठरवायचे, कोणत्या राज्याने किती फौज आणि किती पैसा द्यायचा ते तिने नेमायचं, जकात, व्यापारी करार, टपाल तिच्याकडे, राज्याराज्यांमधले तंटे तिने मिटवायचे, नाणी आणि वजनमापं हळूहळू एक करायची. सभासद कसे निवडायचे? इथे रोझमिनीचं डोकं दिसतं. प्रत्येक राज्याच्या सभासदांपैकी एक तृतीयांश राजाने नेमायचे, एक तृतीयांश त्या राज्याच्या वरिष्ठ सभागृहाने निवडायचे आणि उरलेले कनिष्ठ सभागृहाने.

हा गृहस्थ लोकशाहीवादी मुळीच नव्हता. जो जास्त कर भरतो त्याच्या मताला जास्त वजन, असं त्याच्या राज्यघटनेच्या पुस्तकात चक्क लिहिलेलं आहे. तरीही हा मसुदा त्या काळातल्या बहुतेक संघ-योजनांच्या पुढे होता. जर्मन संघाची फ्रँकफर्टची सभा तोवर काय होती? राजांच्या वकिलांची बैठक; घरून हुकूम येईल तसं मत द्यायचं. रोझमिनीच्या सभेत दोन तृतीयांश माणसं संसदांकडून येणार होती.

आता थोडी कल्पना लढवू. ही सभा समजा खरोखरच भरली. लाख लोकांमागे एक सभासद धरू. हे प्रमाण माझं, रोझमिनीचं नाही. दोन सिसिलींची वस्ती तेव्हा सुमारे ८५ लाख, म्हणजे ८५ सभासद. लोम्बार्डी-व्हेनिस ५०, पिडमाँट ४९, पोपचं राज्य ३०, टस्कनी १८, मोडेना ६, पार्मा ५. एकूण २४३, बहुमताला १२२. नेपल्स, पोप, मोडेना आणि पार्मा एकत्र आले की १२६. पिडमाँट, टस्कनी आणि मुक्त झालेलं लोम्बार्डी-व्हेनिस मिळून ११७. म्हणजे ज्याने युद्धाचा मुख्य भार अंगावर घेतला, तो पिडमाँट सभागृहात कायम विरोधी बाकांवर. बरं, लोकसंख्येचा हिशेब सोडा, स्वित्झर्लंडच्या वरिष्ठ सभागृहासारखे प्रत्येक राज्याला दोन सभासद देऊ. सात राज्यं, चौदा सभासद. तरी आठ विरुद्ध सहा. आणि लोम्बार्डी-व्हेनिस ऑस्ट्रियाकडेच राहून सभेत आलं, तर विचारायलाच नको.

राज्यं एकगठ्ठा मत देतील असं धरून हा हिशेब केला. तसं झालं असतं तर पिडमाँटने एका दिवसात सभा सोडली असती, आणि सोडली म्हणून त्याला दोषही देता आला नसता. पण रोझमिनीच्या तीन हिश्श्यांत हा एकगठ्ठा फुटण्याची सोय होती. नेपल्सच्या ८५ पैकी राजाची माणसं अठ्ठावीस-एकोणतीस. कनिष्ठ सभागृहाने पाठवलेली तेवढीच माणसं नेपल्सच्या उदारमतवादी वकिलांतून आणि प्राध्यापकांतून आली असती, आणि ती तुरीनच्या वकिलांशेजारी जाऊन बसली असती. जकातीच्या प्रश्नावर जेनोव्हाचा व्यापारी आणि लिव्होर्नोचा व्यापारी एका बाजूला, धान्याचे जमीनदार दुसऱ्या बाजूला. असं चार-दोन वर्षं चाललं असतं, तर ‘नेपल्सचं मत’ आणि ‘तुरीनचं मत’ ही भाषाच हळूहळू मागे पडली असती. सभागृह भरवण्याचा मोठा फायदा हाच असतो, माणसं आपल्या गावच्या माणसाविरुद्ध मत द्यायला शिकतात.

सिसिलीची गोष्ट वेगळीच. तिची संसद बाराव्या शतकापर्यंतचा वारसा सांगणारी. मार्च १८४८ मध्ये पालेर्मोला ती पुन्हा भरली आणि एप्रिलमध्ये तिने नेपल्सच्या बूर्बाँ राजाला पदच्युत केलं. सिसिलीला इटलीच्या संघात यायचं होतं, मात्र नेपल्सच्या पदराआडून नव्हे, स्वतंत्र राज्य म्हणून. म्हणजे संघ होण्याआधीच त्याच्या सर्वांत मोठ्या घटकाचे दोन तुकडे होऊ घातले होते.

आता रोममधली दुसरी व्यक्ती बघू. पेल्लेग्रिनो रोस्सी. जन्म कारारात, संगमरवराच्या गावी, १७८७ साली. जिनिव्हात कायद्याचा प्राध्यापक, मग पॅरिसमध्ये प्राध्यापक, मग फ्रान्सचा रोममधला वकील आणि शेवटी पोपचा मंत्री. याच माणसाने १८३२ साली स्वित्झर्लंडसाठी नव्या संघ-कराराचा मसुदा बांधला होता. तो त्याच्याच नावाने ओळखला जातो, आणि पुढच्या वर्षी कँटनांनी फेटाळला. त्यानंतर स्विसांत यादवी झाली, आणि १२ सप्टेंबर १८४८ रोजी त्यांनी दोन सभागृहांची संघीय घटना स्वीकारली: एक लोकसंख्येप्रमाणे, दुसरं कँटनांचं. रोस्सी पोपचा मंत्री झाला तो त्यानंतर चारच दिवसांनी. संघराज्याचा मसुदा कसा बसतो आणि कसा फसतो, हे स्वतःच्या कातडीवर शिकलेला माणूस बरोबर वेळेला बरोबर जागी आला होता.

त्याने रोझमिनीचा मसुदा बाजूला ठेवला. आधी राज्यांचे मुखत्यार वकील रोममध्ये जमू देत, संघाची तत्त्वं ते ठरवतील, असा त्याचा पवित्रा होता. मला यात रोस्सीचा शहाणपणा दिसतो आणि संशयही दिसतो. पिडमाँट फौज मागतोय, संघ हा बहाणा आहे, असं त्याला वाटत होतं, आणि ते पुष्कळसं खरं होतं. तुरीनला मंत्रिमंडळ बदललं होतं. नव्या मंडळींना युद्धकराराखेरीज काही नको होतं. ऑक्टोबरात रोझमिनीने राजीनामा दिला. त्याच महिन्यात जोबेर्तीने तुरीनला संघवाद्यांची परिषद भरवली, भाषणं जोरकस झाली. १५ नोव्हेंबरला रोस्सी पोपची संसद उघडायला कांचेल्लेरिया राजवाड्याशी गाडीतून उतरला, जिन्याकडे निघाला, तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी त्याच्या मानेत सुरा खुपसला. नऊ दिवसांनी पोप वेश पालटून गाएताला पळाला. रोझमिनीची दोन पुस्तकं पुढल्या वर्षी चर्चने निषिद्ध यादीत घातली. त्याच रोझमिनीला २००७ साली चर्चने ‘धन्य’ घोषित केलं. चर्चला घाई कधीच नसते.

संघ का फसला याची नेहमीची उत्तरं आपल्याला माहीत असतात. पोप मागे फिरला, ऑस्ट्रिया बलाढ्य होता, पिडमाँट स्वार्थी होता. तिन्ही खरी आहेत. पण ती १८४८ ला लागू पडतात. मग दहा वर्षांनी पुन्हा संधी आली तेव्हा काय झालं? माझं म्हणणं असं की संघाचं विधिमंडळ तुरीनमध्ये मेलं नाही, ते नेपल्स, फ्लॉरेन्स आणि रोममध्ये मेलं. १५ मे १८४८ रोजी नेपल्सच्या राजाने, संसद भरायच्या दिवशीच, रस्त्यात तोफा डागल्या. मार्च १८४९ मध्ये त्याने ती बरखास्त केली आणि नंतर बोलावलीच नाही. टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने १८५२ मध्ये घटना मोडीत काढली. पोप फ्रेंच संगिनींच्या आधाराने परतला तो सल्लागार मंडळापलीकडे काही न देण्याचं ठरवून. घटना शाबूत राहिली ती एका पिडमाँटची. आता रोझमिनीचे तीन हिस्से आठवा: दोन हिस्से सभागृहांनी पाठवायचे होते. सभागृहंच राहिली नाहीत, तर पाठवणार कोण?

कार्लो कात्तानेओला हे सगळ्यांत आधी कळलं असं मी मानतो. मिलानच्या पाच दिवसांत लढ्याची सूत्रं त्याच्या हाती होती. पेशाने शिक्षक, ‘पोलितेक्निको’ मासिकाचा संपादक, कालव्यांवर आणि रेल्वेवर लिहिणारा. राजाला मानणारा नाही, पोपला तर नाहीच. जोबेर्तीचा संघ राजांचा. कात्तानेओचा संघ संसदांचा. प्रत्येक मुलखाची स्वतःची संसद भक्कम असली पाहिजे, समाईक सभा तिच्यावर उभी राहील, असं त्याचं धोरण. पराभवानंतर तो लुगानोजवळ स्विस हद्दीत राहायला गेला. आपल्याकडे त्याचं नाव जवळजवळ कोणी घेत नाही, ही मॅझिनीभक्तीची किंमत आहे.

दुसरी संधी आली ती मोठ्यांच्या मेहेरबानीने. जुलै १८५८ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन आणि पिडमाँटचा पंतप्रधान काव्हूर प्लाँबिएरला भेटले. इटलीची चार राज्यं करावीत, त्यांचा संघ व्हावा, पोप अध्यक्ष, असं ठरलं. बदल्यात सव्हॉय फ्रान्सला, नीसचा प्रश्न मागाहून. काव्हूरने राजाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात ही वाटणी सविस्तर आहे. पुढच्या वर्षी युद्ध झालं आणि ११ जुलै १८५९ रोजी व्हिलाफ्रांकाला फ्रान्स आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटांनी परस्पर तह केला. त्यातही इटलीचा संघ आहे, पोप मानद अध्यक्ष आहे, आणि व्हेनिस ऑस्ट्रियाकडे राहून संघाचा घटक आहे! म्हणजे ज्याच्यापासून सुटायचं, तोच सभासद. काव्हूर संतापून राजीनामा देऊन गेला. नोव्हेंबरच्या झुरिचच्या तहात हाच संघ पुन्हा लिहिला गेला आणि कागदावरच राहिला. संघ या शब्दाला जी काही अब्रू उरली होती ती व्हिलाफ्रांकाने घालवली. त्यानंतर संघवादी म्हणजे ऑस्ट्रियाचा हस्तक असं समीकरण झालं.

मग आल्या मतपेट्या. मार्च १८६० मध्ये टस्कनीत लोकांना विचारलं: पिडमाँटचा राजा व्हित्तोरियो एमान्युएले याच्या घटनात्मक राज्यात विलीन व्हायचं की वेगळं राज्य हवं? ३ लाख ६६ हजारांहून अधिक मतं विलीनीकरणाला, पंधरा हजारांच्या आत वेगळ्या राज्याला. संघ हा पर्याय चिठ्ठीवर नव्हताच. ऑक्टोबरात नेपल्सला तर नुसतं हो किंवा नाही. गॅरिबाल्डीने नेपल्स जिंकल्यावर कात्तानेओ तिकडे धावला होता. आधी नेपल्स आणि पालेर्मोच्या प्रतिनिधीसभा भरवा, अटी ठरवा, मग सामील व्हा, असं तो सांगत होता. कोणी ऐकलं नाही. तुरीनच्या संसदेत संघवादी जुझेप्पे फेर्रारीने दक्षिणेच्या बिनशर्त विलीनीकरणाविरुद्ध भाषण केलं. मतदान झालं २९० विरुद्ध ६.

१८ फेब्रुवारी १८६१ रोजी तुरीनच्या कारिन्यानो राजवाड्याच्या चौकात खास उभारलेल्या सभागृहात अखंड इटलीची पहिली संसद बसली. ४४३ प्रतिनिधी, मतदार चार लाखांच्या थोडे वर, म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. आणि या पहिल्या संसदेचा अनुक्रमांक होता आठवा. पिडमाँटच्या सात संसदा आधी झाल्या होत्या, ही त्यांचीच पुढची. राजाही इटलीचा पहिला असून ‘दुसरा’च म्हणवत राहिला, कारण पिडमाँटच्या गादीवर तो दुसरा होता. नेपल्सहून आलेल्या एखाद्या प्रतिनिधीला हा ‘आठवा’ आकडा कामकाजपत्रिकेवर वाचून काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. आपण संसद स्थापन करायला आलो की चालू संसदेत भरती व्हायला, हे त्या एका आकड्याने त्याला सांगून टाकलं.

तरी एक प्रयत्न झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये गृहमंत्री मार्को मिंगेत्तीने प्रदेशांना थोडी सत्ता देणारं विधेयक आणलं. संघ वगैरे काही नाही. प्रांतांचे गट करायचे, रस्ते आणि उच्च शिक्षण त्यांच्याकडे सोपवायचं. तेवढंही पचलं नाही. दक्षिणेत बंडाळी पेटलेली होती, ढिलाई नको असा सूर लागला आणि विधेयक बारगळलं. १८६५ च्या कायद्याने तुरीनच्या धर्तीचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला प्रांताधिकारी, सगळीकडे बसला.

पुढचं थोडक्यात. सिसिलीला स्वायत्ततेचा कायदा मिळाला तो १९४६ साली, आणि तिची विधानसभा पुन्हा पालेर्मोच्या नॉर्मन राजवाड्यात बसू लागली. १९४८ च्या घटनेत प्रदेश आले, पण सर्वसाधारण प्रदेशांच्या पहिल्या निवडणुका व्हायला १९७० उजाडलं. घटना म्हणते की सिनेट प्रादेशिक पायावर निवडलं जाईल, मात्र प्रदेशांना म्हणून तिथे जागा नाही. सरकार आणि प्रदेश यांच्या वाटाघाटी एका परिषदेत चालतात, ती सभागृह नव्हे. २०१६ मध्ये घटनादुरुस्ती सार्वमताला टाकली गेली: सिनेट शंभर जणांचं करायचं, त्यातले ७४ प्रदेशांच्या विधानसभांमधून आणि २१ नगराध्यक्षांतून घ्यायचे, उरलेले पाच राष्ट्रपतींनी नेमायचे. विधानसभांनी पाठवलेली माणसं, म्हणजे रोझमिनीचा एक धागा तरी त्यात होता. ४ डिसेंबरला मतदान झालं. सुमारे ५९ टक्के लोकांनी नको म्हटलं. पुष्कळांनी ते पंतप्रधान रेन्झींवरचा राग म्हणून म्हटलं, आणि रेन्झींनी निकालानंतर राजीनामा दिला.